बहुवारिक धारव्यांचे घर्षण व झीज

यंत्रातील फिरत्या किंवा सरकत्या भागाला आधार देणाऱ्या भागास धारवा म्हणतात. कारखान्यांतून तो बेअरिंग या नावानेच ओळखला जातो. नायलॉन, अ‍ॅसिटल, पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीन (पीटीएफई, प्रचलित व्यापारी नाव टेफ्लॉन), अति-उच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन, फिनॉलिक रेझीन यांसारख्या बहुवारिकांपासून, म्हणजेच पॉलिमरांपासून, बनवलेल्या धारव्यांना बहुवारिक धारवे म्हणतात. तेल किंवा ग्रीस न घालता ते चालू शकतात, हा त्यांचा मुख्य गुण होय. उष्णता वाहून नेण्याची क्षमता अत्यल्प असणे आणि सततच्या भाराखाली हळूहळू दबत जाणे, हे त्यांचे मुख्य दोष होत.

मुंबईत मध्य रेल्वेवरील चिंचपोकळी व परळ या स्थानकांच्या दरम्यान असलेल्या करी रोडच्या परिसरात या पदार्थांचे जवळजवळ सर्व प्रमुख उपयोग चालत जाण्याच्या अंतरात आढळतात किंवा आढळत असत. लालबाग व लोअर परळच्या कापड गिरण्या, पश्चिम व मध्य रेल्वेच्या कार्यशाळा, रुळांवरून जाणारे पूल आणि परळची रुग्णालये ही त्यांची उदाहरणे. प्रत्येक ठिकाणी धारव्याकडून अपेक्षा वेगळी असते, आणि म्हणून योग्य ठरणारा पदार्थही वेगळा असतो.

घर्षणाचे स्वरूप

शाळेत शिकवला जाणारा घर्षणाचा नियम असा की घर्षणबल हे भाराच्या प्रमाणात असते आणि त्या दोहोंचे गुणोत्तर, म्हणजे घर्षणांक, हा स्थिर असतो. धातूंना हा नियम बऱ्याच अंशी लागू पडतो; बहुवारिकांना पडत नाही. बहुवारिक मऊ व लवचीक असल्याने भार वाढला तरी दोन पृष्ठभागांचे प्रत्यक्ष स्पर्शक्षेत्र त्याच प्रमाणात वाढत नाही. घर्षण मुख्यतः प्रत्यक्ष स्पर्शक्षेत्रावर अवलंबून असल्यामुळे दाब वाढेल तसा घर्षणांक कमी होत जातो. वेग व तापमान यांचाही त्यावर परिणाम होतो. त्यामुळे एखाद्या प्लास्टिकचा घर्षणांक अमुक आहे, असे सांगताना दाब, वेग, तापमान आणि समोरचा पृष्ठभाग यांचा उल्लेख नसेल तर ते विधान अपुरे राहते. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत हा उल्लेख अनेकदा नसतो.

पीटीएफई या पदार्थाचे वागणे सर्वांत वेगळे आहे. ६ एप्रिल १९३८ रोजी रॉय प्लंकेट यांना द्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत शीतक वायूंवर काम करत असताना तो योगायोगाने सापडला. त्याच्या रेणूतील कार्बनच्या साखळीभोवती फ्लोरीनच्या अणूंचे घट्ट व गुळगुळीत आवरण असते. शेजारच्या साखळ्यांमधील आकर्षण क्षीण असल्याने त्या एकमेकींवरून सहज घसरतात. मंद वेगाला त्याचा घर्षणांक ०.०५ ते ०.१ च्या आसपास असतो. वेग वाढवला की तो वाढून ०.२ च्याही वर जातो. स्थिर अवस्थेतील घर्षण हे गतिमान अवस्थेतील घर्षणापेक्षा फारसे जास्त नसल्याने पीटीएफईवरील भाग झटके न देता सरकू लागतो. ज्या क्षीण आकर्षणामुळे घर्षण कमी होते, त्याचमुळे पदार्थाचे पापुद्रेही सहज सुटतात. कमी घर्षण म्हणजे कमी झीज, हा समज येथे पूर्णपणे चुकीचा ठरतो. शुद्ध पीटीएफई हा सर्वांत निसरड्या घन पदार्थांपैकी एक आहे आणि झिजण्याच्या बाबतीत सर्वांत वाईट पदार्थांपैकीही एक आहे.

हस्तांतरित थर

बहुवारिक पोलादावर घासू लागले की त्याचे सूक्ष्म कण पोलादाच्या खाचांमध्ये भरतात व त्यांचा पातळ थर तेथे चिकटून बसतो. यानंतर बहुवारिक पोलादावर न घासता स्वतःच्याच थरावर घासू लागते. हा थर पातळ, एकसंध व घट्ट चिकटलेला असेल तर झीज मंदावते. तो ढेपाळून सुटत राहिला तर दर फेरीला नवा थर बसतो आणि त्यासाठी लागणारा पदार्थ धारव्यातूनच जातो. पीटीएफईमध्ये काचतंतू, कार्बन, ग्रॅफाइट किंवा कांस्यभुकटी मिसळली असता झीज शेकडो पटींनी कमी होते. पापुद्रे सुटण्यास अडथळा येणे आणि थर घट्ट बसणे ही त्याची कारणे मानली जातात.

यामुळे जोडीच्या धातूचा पृष्ठभाग फार खडबडीत असून चालत नाही, कारण तो कानशीसारखे काम करतो. तसाच तो आरशासारखा गुळगुळीत असणेही कोरड्या धारव्यांसाठी नेहमी हितावह नसते, कारण थराला धरून राहायला जागा उरत नाही. गंजलेला दंड तर कोणत्याही प्लास्टिक बुशाचा शत्रूच. बुश लवकर झिजला म्हणून प्लास्टिकला दोष दिला जातो, तेव्हा पुष्कळदा दोष दंडाच्या पृष्ठभागाचा असतो.

झिजेचे मोजमाप

झिजेच्या हिशेबासाठी आर्चर्ड यांचे १९५३ मधील सूत्र वापरले जाते. झिजलेले घनफळ हे भार आणि सरकण्याचे एकूण अंतर यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, असे हे सूत्र सांगते. त्यातील स्थिरांकास झीजदर म्हणतात व तो घन मिमी प्रति न्यूटन-मीटर या एककात देतात. भरणद्रव्य घातलेल्या चांगल्या बहुवारिकाचा झीजदर एक दशलक्षांश, म्हणजे ०.०००००१, च्या आसपास असू शकतो. चौरस मिमीला एक न्यूटन दाब असताना अशा पदार्थाची एक मिमी जाडी झिजण्यास १,००० किलोमीटर सरकावे लागते. शुद्ध पीटीएफईचा कोरड्या अवस्थेतील व मध्यम वेगाचा झीजदर याच्या कित्येक शे पट असतो. तो ५०० पट धरल्यास तेवढीच जाडी दोन किलोमीटरांत संपते.

हे सूत्र उपयुक्त असले तरी त्यात उष्णतेचा विचार नाही. घर्षणातून निर्माण होणारी उष्णता घर्षणांक, दाब व वेग यांच्या गुणाकाराएवढी असते. दाब २ मेगापास्कल, वेग सेकंदाला ०.१ मीटर व घर्षणांक ०.२५ असेल तर दर चौरस सेंटिमीटरला ५ वॉट उष्णता निर्माण होते. पोलादाची उष्णतावाहकता पीटीएफईच्या सुमारे २०० पट असल्याने ही उष्णता बुशातून बाहेर जात नाही. ती दंडातूनच जावी लागते. म्हणून प्रत्येक बहुवारिकासाठी दाब व वेग यांच्या गुणाकाराची कमाल मर्यादा ठरवलेली असते. ती ओलांडल्यास झीज क्रमाक्रमाने न वाढता एकदम वाढते आणि बुश मऊ होऊन दंडाला चिकटतो.

मुंबईत आणखी एक अडचण येते, ती पावसाळी हवेची. नायलॉन पाणी शोषते. नायलॉन ६६ पाण्याने पूर्ण संपृक्त झाल्यास त्याच्या वजनात सुमारे साडेआठ टक्के वाढ होते आणि त्याबरोबर त्याचे आकारमानही वाढते. ५० मिमी व्यासाच्या तुकड्यात एक टक्का वाढ झाली तरी ती अर्धा मिमी होते. बुश बाहेरून घट्ट बसवलेला असल्याने ही वाढ आतल्या बाजूस सरकते, दंडाभोवतीची मोकळीक संपते आणि मे महिन्यात सुरळीत फिरणारा दंड जुलैत आवळला जातो. अनुभवी कारागीर नायलॉनच्या बुशाला धातूपेक्षा जास्त मोकळीक ठेवतात ती याचसाठी. अ‍ॅसिटल फारच कमी पाणी शोषते. पीटीएफई व पॉलिएथिलीन जवळजवळ शोषतच नाहीत.

कापड गिरण्यांतील वापर

मुंबईच्या गिरण्यांतील साचे व चात्या यांचे धारवे प्रामुख्याने ओतीव लोखंड व गनमेटलचे असत आणि ते तेलावर चालत. तेल कमी पडले तर धारवा तापे; जास्त झाले तर ते सुतावर किंवा विणलेल्या कापडावर उडे. तेलाचा डाग पडलेले कापड धुलाई व रंगाईतही खराब निघत असल्याने कमी प्रतीचे ठरे. तेलाशिवाय चालणारा धारवा हा कापडधंद्यात सोयीपेक्षा मालाच्या प्रतीचा प्रश्न होता. कापडी थर फिनॉलिक रेझीनमध्ये बसवून केलेले दातेरी चाक व बुश, नायलॉनची चाके, तसेच म्हशीच्या कातड्याच्या पिकरऐवजी आलेले कृत्रिम पिकर, हे बदल या गरजेतून व आवाज कमी करण्याच्या हेतूने झाले. फिनॉलिक बुशाला बळ देणारे कापड बहुधा सुतीच असे.

रिंग चातीवरील ट्रॅव्हलर हा छोटा वळवलेला तुकडा कड्यावरून सेकंदाला ३० मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने धावतो. सुती धाग्यासाठी तो पोलादाचा असतो आणि त्याला तेल देता येत नाही. धाग्यातून सुटलेले कापसाचे तंतू चिरडले जाऊन त्यांचा व त्यांतील मेणाचा जो पातळ थर कड्यावर बसतो, तोच वंगणाचे काम करतो. वर सांगितलेल्या हस्तांतरित थराचेच हे नैसर्गिक रूप म्हणता येईल. नवे कडे बसवल्यावर ते काही काळ कमी वेगाने चालवून ‘रुळवावे’ लागते, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे. जाड, लोकरी व पीळ दिलेल्या काही धाग्यांसाठी नायलॉनचे ट्रॅव्हलर वापरतात. परंतु उष्णतेमुळे त्यांच्या वेगाला मर्यादा पडते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर बहुतेक गिरण्या क्रमाने बंद पडल्या आणि फिनिक्स, कमला यांसारख्या गिरण्यांच्या जागी बाजारसंकुले व कार्यालये आली. यंत्रे भंगारात गेली. साचा तापला की नुसत्या हाताने ओळखणारे जॉबर व तेल घालणारे कामगार यांचे ज्ञान फारसे लिहून ठेवले गेले नाही.

रेल्वे कार्यशाळांतील वापर

करी रोडच्या जवळ रेल्वेच्या दोन जुन्या कार्यशाळा आहेत. लोअर परळची कार्यशाळा १८७१ मध्ये बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने, तर परळची कार्यशाळा १८७९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने सुरू केली. माटुंग्याची कार्यशाळा १९१५ ची आहे. लोअर परळ व माटुंगा येथे डब्यांची नियतकालिक दुरुस्ती होते.

चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या रचनेच्या डब्यांत ब्रेकचे बल तरफा व खिळ्यांच्या साखळीतून चाकांपर्यंत पोहोचते. या खिळ्यांभोवती पूर्वी पोलादी बुश असत. पोलादावर पोलाद घासल्याने बुश व खीळ दोन्ही झिजत, सांधे सैल होत आणि ब्रेकच्या दांड्याची ढिलाई वाढत जाई. त्यांच्या जागी नायलॉन ६६ चे, तसेच इतर संमिश्र बुश आले. येथे बहुवारिकाची झीज हा दोष नसून योजना आहे. स्वस्त व बदलण्यास सोपा बुश झिजतो आणि खीळ वाचते. याच डब्यांच्या बोगीत आसपेटीच्या मार्गदर्शकावर अ‍ॅसिटलचे बुश वापरतात. अ‍ॅसिटल कमी पाणी शोषते, त्यामुळे पावसात व धुलाईच्या पाण्यात त्याची मापे टिकतात.

त्याच बोगीवरील ब्रेकचे संमिश्र ठोकळेही बहुवारिकांवर आधारलेले असतात, पण त्यांच्याकडून अपेक्षा उलट असते. तेथे घर्षण पुरेसे व स्थिर हवे असते. फिनॉलिक रेझीन हे नाव धारव्यांच्या यादीतही येते आणि ब्रेकच्या ठोकळ्यांच्या यादीतही, ते त्यात काय मिसळले आहे यामुळे.

पुलांचे धारवे

पुलाची तुळई उन्हाने लांबते व थंडीने आखडते. पोलादाची ९० मीटर लांबीची तुळई तापमानात ३० अंश सेल्सिअसचा फरक पडल्यास सुमारे ३२ मिमी लांबते. तिला एका टोकाला सरकण्याची मुभा नसेल तर ते बल खांबांवर येते. जुन्या पुलांत यासाठी पोलादी रूळ किंवा सरकत्या पट्ट्या असत. गंज व धूळ यांमुळे त्या कालांतराने जाम होत. आधुनिक पुलांत आरशासारख्या पॉलिश केलेल्या बेगंज पोलादावर पीटीएफईची चकती सरकते. तुळईच्या टोकाच्या किंचित फिरण्यासाठी पोलादी भांड्यात कोंडलेली रबराची चकती असते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी ८३ या संहितेत अशा धारव्यांचे नियम दिलेले आहेत.

झिजण्यात इतका वाईट असलेला पदार्थ येथे कसा चालतो, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर वेगात आहे. तापमानाने होणारी हालचाल अत्यंत मंद असते आणि मंद वेगाला पीटीएफईचे घर्षण व झीज दोन्ही कमी होतात. दाब मोठा असल्याने घर्षणांक आणखी उतरतो. युरोपीय मानकात सिलिकोन ग्रीसच्या खळग्यांसह असलेल्या पीटीएफईसाठी ५ मेगापास्कल दाबाला ०.०८, तर ३० मेगापास्कल व त्याहून अधिक दाबाला ०.०३ घर्षणांक धरला आहे. चकती अर्धी पोलादी खोबणीत बसवलेली असते; त्यामुळे ती दाबाखाली बाजूला पसरत नाही. तरीही एकूण सरकण्याचा मोठा भाग ऋतुमानाचा नसतो. वाहने जाताना तुळई वाकून होणाऱ्या असंख्य सूक्ष्म हालचालींची बेरीज त्याहून मोठी होते, आणि त्या हालचाली तुलनेने जलदही असतात.

एखाद्या धारव्यावर २०० टन भार असेल आणि घर्षणांक ०.०३ असेल तर खांबावर सुमारे ६ टन आडवे बल येते. ग्रीस संपून, धूळ शिरून व पोलाद गंजून घर्षणांक ०.३ झाला तर तेच बल ६० टन होते. पुलाच्या तपासणीत कोपऱ्यात दडलेल्या या चकत्यांकडे लक्ष देणे म्हणूनच आवश्यक असते.

लोअर परळ स्थानकाजवळचा, करी रोडकडून डिलाईल रोडला जाण्यासाठी वापरला जाणारा डिलाईल पूल जुलै २०१८ मध्ये धोकादायक ठरवून बंद करण्यात आला. त्याच महिन्याच्या सुरुवातीस अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग कोसळला होता. रुळांवरील जुना सांगाडा काढून लांब पोलादी तुळया बसवण्यात आल्या व पूल नोव्हेंबर २०२३ मध्ये पूर्णपणे खुला झाला. पाच वर्षांहून अधिक काळ या भागातील रहिवासी व नोकरदार यांना वळसा घालून जावे लागले. चालत्या रेल्वेमार्गावरील पुलाखाली धारवा बदलण्यासाठी तुळई उचलावी लागते व त्यासाठी वाहतूक थांबवावी लागते. त्यामुळे अशा जागी धारव्याचे आयुष्य हा केवळ देखभालखर्चाचा प्रश्न राहत नाही.

कृत्रिम सांधे

बहुवारिकाच्या झिजेचे सर्वांत गंभीर परिणाम मानवी शरीरात दिसून आले. इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्न्ली यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस खुब्याच्या कृत्रिम सांध्यात पोलादी गोळ्यासाठी पीटीएफईची वाटी वापरली. घर्षण कमी असल्याने रुग्णांना आरंभी उत्तम गुण आला. पण एक ते तीन वर्षांत वाट्या झिजून खोल गेल्या, झिजेच्या कणांमुळे भोवतालच्या ऊतींत दाह झाला आणि शेकडो रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली.

१९६२ मध्ये एका विक्रेत्याने चार्न्ली यांच्या प्रयोगशाळेत लँकेशायरच्या कापड गिरण्यांतील मागांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका पॉलिएथिलीनचा नमुना आणला. चार्न्ली यांना तो प्रथमदर्शनी पसंत पडला नाही. त्यांचे सहकारी हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तो चाचणीयंत्रावर लावला. तीन आठवडे अखंड घासूनही त्याची झीज पीटीएफईच्या एका दिवसाच्या झिजेइतकी झाली नाही. या पदार्थाची कणभुकटी चार्न्ली यांनी स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन तिची प्रतिक्रिया पाहिली, आणि नोव्हेंबर १९६२ पासून अति-उच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची वाटी रुग्णांत बसवली जाऊ लागली. त्याचे घर्षण पीटीएफईपेक्षा जास्त होते. चार्न्ली यांनी गोळ्याचा व्यास केवळ २२.२२५ मिमी ठेवला होता. लहान गोळ्यामुळे घर्षणाचे पीळबल आणि प्रत्येक पावलागणिक सरकण्याचे अंतर, दोन्ही कमी होतात.

पॉलिएथिलीनची झीजही शून्य नव्हती. वर्षाला ०.१ मिमीच्या आसपास झीज झाली तरी तिच्यातून असंख्य सूक्ष्म कण सुटतात. शरीरातील भक्षक पेशी त्यांना गिळतात, त्यातून सुरू होणाऱ्या प्रक्रियेत सांध्याभोवतीचे हाड विरघळते आणि घट्ट बसलेला सांधा सैल होतो. हवेत गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले पॉलिएथिलीन ऑक्सिडीकरणाने ठिसूळ होते, हेही पुढे लक्षात आले. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून साखळ्यांमध्ये किरणोत्साराने आडबंध निर्माण केलेले पॉलिएथिलीन प्रचारात आले व खुब्यातील झीज मोठ्या प्रमाणावर घटली. आडबंधांमुळे पदार्थाची चिवटता मात्र काहीशी कमी होते.

करी रोडपासून जवळच परळला असलेल्या, १९२६ मध्ये सुरू झालेल्या केईएम रुग्णालयासह मुंबईतील सार्वजनिक रुग्णालयांत सांधेरोपण केले जाते. गुडघ्याच्या सांध्यात धातूच्या दोन भागांमध्ये पॉलिएथिलीनचीच गादी असते. मांडी घालून किंवा उकिडवे बसल्यास गुडघा खूप वाकतो, स्पर्शक्षेत्र लहान होते आणि गादीच्या कडेवर दाब वाढतो. जमिनीवर बसून जेवण, पूजा व घरकाम करणाऱ्या रुग्णांसाठी हा मुद्दा पाश्चात्त्य देशांतल्यापेक्षा महत्त्वाचा ठरतो. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या.

चाचण्या

प्रयोगशाळेत फिरत्या चकतीवर बहुवारिकाची कांडी दाबून घर्षण व वजनातील घट मोजली जाते. पाणी शोषणाऱ्या पदार्थांत वजन फसवे ठरते. झिजलेला नायलॉनचा नमुना दमट दिवशी मोजल्यास वजनाने वाढलेलाही दिसू शकतो. अशा वेळी जाडीतील घट मोजतात किंवा तेवढाच वेळ न घासता ठेवलेल्या नमुन्याशी तुलना करतात. खुब्याच्या सांध्यासाठी एकाच दिशेची चाचणी अपुरी असते, कारण एका दिशेने घासल्यास पॉलिएथिलीनच्या साखळ्या त्या दिशेला वळून पदार्थ अधिक टिकाऊ भासतो. चालताना मात्र दिशा सतत बदलते. म्हणून चालण्याची नक्कल करणारी यंत्रे लाखो आवर्तने चालवली जातात.

पीटीएफईपुढील प्रश्न

फ्लोरीनयुक्त संयुगांच्या एका मोठ्या गटाचे निसर्गात विघटन होत नाही. या गटावर व्यापक निर्बंध घालण्याचा प्रस्ताव जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन व नॉर्वे या देशांनी जानेवारी २०२३ मध्ये युरोपीय रसायन संस्थेकडे सादर केला. प्रस्तावाच्या व्याख्येत पीटीएफईही येते. पुलांच्या धारव्यांसाठी अति-उच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनवर आधारित सरकते पदार्थ याआधीच उपलब्ध झालेले आहेत. ते पीटीएफईपेक्षा अधिक दाब व अधिक एकूण सरकणे सहन करतात. उच्च तापमानाला चालणाऱ्या धारव्यांत मात्र पॉलिएथिलीनचा उपयोग होत नाही, कारण ते सुमारे १३५ अंश सेल्सिअसला वितळते, तर पीटीएफई सुमारे ३२७ अंशांना वितळते.